मुकादम कोण होता?

गेल्या हिवाळ्यात एका लहानशा वाचनालयात मी पूर्व आफ्रिकेतल्या एका प्राचीन दफनभूमीबद्दल बोललो. बोलणे संपल्यावर पहिल्या रांगेतले एक काका उठले. त्यांची सगळी नोकरी धरणांच्या बांधकामावर झालेली. त्यांनी विचारले, "एवढं खोदकाम केलं म्हणता, एवढा दगड वाहून आणला म्हणता, मग मुकादम कोण होता?" तसा कोणी असल्याची खूण सापडलेली नाही, असे मी सांगितले. त्यावर मागच्या बाकावरून एक विद्यार्थिनी म्हणाली, "म्हणजे तेव्हा सगळे समान होते. विषमता नंतर आली." पुढची वीस मिनिटे सभागृह या दोन बाजूंमध्ये वाटले गेले. एका बाजूचे म्हणणे असे की मोठे काम म्हणजे त्यामागे हुकूम देणारा असणारच, आणि तो सापडत नसेल तर शोध अपुरा आहे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की राजाची कबर नाही, म्हणजे माणसाची मूळ प्रकृती समतेची हे सिद्ध झाले. दोन्हीकडची माणसे मनापासून बोलत होती, आणि माझ्या मते दोघेही पुराव्यावर त्याला पेलणार नाही इतके ओझे टाकत होते.

माझे म्हणणे आधीच सांगतो. त्या जागेवरून तिथे स्वर्ग नांदत होता असे ठरत नाही. पण मोठ्या सामूहिक बांधकामामागे शासक गृहीत धरण्याची जी सवय आपल्याला लागली आहे, ती तिथे टिकत नाही. आणि ही सवय पुस्तकापुरती राहिलेली नाही. गुरे घेऊन हिंडणाऱ्या माणसांच्या जमिनीचे काय करायचे, हे ठरवताना ती आजही वापरली जाते.

जागेचे नाव लोथागम उत्तर. वायव्य केनियात, तुर्काना सरोवराच्या पश्चिमेला, आज रखरखीत असलेल्या प्रदेशात ती आहे. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी तिथल्या फिरत्या पशुपालकांनी जमिनीत जवळजवळ १२० चौरस मीटरची एक पोकळी मोकळी केली आणि भोवती मोठे धोंडे रचून सुमारे ३० मीटर व्यासाचा चौथरा उभारला. त्या पोकळीत पिढ्यान् पिढ्या माणसे पुरली गेली. एलिझाबेथ हिल्डेब्रँड, कॅथरीन ग्रिलो, एलिझाबेथ सॉचक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात किमान ५८० जणांचा अंदाज दिला आहे. शेवटी, सुमारे ४,३०० वर्षांपूर्वीच्या सुमारास, पोकळी दगडांनी झाकून वर शिलास्तंभ उभे केले गेले. त्यांतले काही एक किलोमीटरवरून आणलेले आहेत. शेजारी शिलावर्तुळे आणि दगडांच्या राशी आहेत. आत तान्ही बाळे आहेत, म्हातारी माणसे आहेत, बायका आहेत, पुरुष आहेत. बहुतेकांच्या अंगावर काही ना काही दागिना आहे: शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी, रंगीत दगडांचे मणी, पाणघोड्याच्या दाताच्या अंगठ्या. एका डोक्यावरच्या आभूषणात जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदराचे ४०५ पुढचे दात आहेत. किमान ११३ प्राण्यांचे. मी ते वर्णन पहिल्यांदा वाचले तेव्हा बराच वेळ पुढे गेलो नाही. इतके लहान जीव पकडायचे, त्यांचे दात काढायचे, जुळवायचे, आणि हे सगळे जमिनीत जाणाऱ्या एका माणसासाठी. या कामाला किती हात लागले असतील?

आता शासक गृहीत धरण्याची सवय आली कुठून ते पाहू. व्ही. गॉर्डन चाइल्ड या पुरातत्त्वज्ञाने १९५० मध्ये पहिल्या नगरांची जी लक्षणे मांडली, त्यांत भव्य सार्वजनिक वास्तू हे एक होते. शेतीतून वाढावा निघतो, तो कोणीतरी गोळा करतो, त्या वाढाव्यावर कारागीर आणि मजूर पोसले जातात, आणि मग मंदिर किंवा समाधी उभी राहते. मेसोपोटेमिया आणि इजिप्तसाठी ही साखळी बरीचशी खरी आहे. लोथागमला माणसे पुरली जात होती त्याच शतकांत, सुमारे ४,५०० वर्षांपूर्वी, नाईल नदीच्या काठी खुफूचा महापिरॅमिड उभा राहत होता. हजारो माणसांचे श्रम एकाच मृत माणसासाठी. गोची इथे होते की हे उदाहरण इतके प्रचंड आहे की ते नियमच वाटू लागते. वास्तू दिसली की आपण साखळी उलटी वाचतो: वास्तू आहे म्हणजे वाढावा होता, वाढावा होता म्हणजे तो गोळा करणारा होता. आग्नेय तुर्कस्तानातल्या गोबेक्ली तेपेच्या दगडी खांबांनी या उलट्या वाचनाला आधीच तडा दिला आहे. ते ११,००० वर्षांहून जुने आहेत आणि शिकार व कंदमुळांवर जगणाऱ्यांनी ते घडवले.

आफ्रिकेच्या बाबतीत या सवयीला आणखी एक, अधिक वाईट, पदर आहे. हुकूम देणारा असलाच पाहिजे आणि तो इथला असू शकत नाही, म्हणून तो बाहेरून आणायचा. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉर्ज राइसनर यांनी १९१३ ते १९१६ या काळात सुदानमधल्या केर्मा इथे प्रचंड थडगी उकरली. त्यात इजिप्शियन पुतळे मिळाले, तेव्हा ही इजिप्तने नेमलेल्या सुभेदारांची थडगी आहेत असा निष्कर्ष त्यांनी काढला. ती होती स्थानिक नुबियन राजांची. ग्रेट झिम्बाब्वे या जुन्या दगडी नगराच्या भिंती आफ्रिकनांनीच बांधल्या हे १९०५ मध्ये डेव्हिड रँडल-मॅकआयव्हर यांनी आणि १९२९ मध्ये गर्ट्रूड केटन-थॉम्पसन यांनी उत्खनन करून दाखवले, तरी गोऱ्यांच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेत, सरकारी पातळीवर ते नाकारणे पुढे कित्येक दशके चालू राहिले. काकांच्या प्रश्नात हा वंशद्वेष नव्हता, हे मला माहीत आहे. त्यांचा प्रश्न अनुभवातून आलेला होता आणि म्हणून त्याला नीट उत्तर देणे भाग आहे.

आक्षेपांतला पहिला: उत्खनन फार थोड्या भागात झाले आहे. हे खरे आहे. ५८० हा आकडा खणलेल्या भागातल्या दाटीवरून आणि जमिनीत रडारच्या लहरी सोडून केलेल्या पाहणीवरून काढलेला आहे. मग न खणलेल्या भागात सोन्याने मढलेला एखादा राजा कशावरून नसेल? नसेलच असे कोणी म्हणू शकत नाही. पण विषमता असलेली दफनभूमी कशी दिसते ते आठवा. बल्गेरियातल्या व्हार्ना इथे तीनशेच्या आसपास कबरी सापडल्या आणि सोन्याचा मोठा वाटा त्यांतल्या मोजक्या कबरींत होता. तिथे डोळे मिटून चार ठिकाणी खणले असते तर बहुधा गरीब कबरीच हाती आल्या असत्या. विषमता फक्त श्रीमंताच्या कबरीत दिसत नाही, ती बाकीच्यांच्या रिकाम्या कबरींतही दिसते. लोथागमला जिथे खणले तिथे बहुतेकांच्या अंगावर दागिने आहेत, लहान मुलांच्याही. राजा कुठे लपला असेल हे एक वेळ समजू शकते, पण मग उघडे-बोडके पुरलेले त्याचे प्रजाजन कुठे गेले?

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो. गुराख्याची संपत्ती चालती असते. ज्याच्याकडे दोनशे गुरे आहेत आणि ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत, ते दोघे मेल्यावर अंगावर तेवढेच मणी घेऊन जातील आणि गुरे मुलांकडे राहतील. कबरीतली समता जिवंतपणीच्या समतेचा पुरावा नाही, आणि हे त्या विद्यार्थिनीने ऐकायला हवे. आजच्या पूर्व आफ्रिकेतल्या पशुपालक समाजांत वयाचा आणि लिंगाचा भेद काटेकोर आहे, कळपांचे आकार वेगवेगळे आहेत. पाच हजार वर्षांपूर्वी तसे काहीच नव्हते, असे मानायला आधार नाही. पण हा आक्षेप जितका पोचतो तितकाच त्याला पोचू द्यावा. कळपांतली तफावत वेगळी आणि शेकडो माणसांना दगड वाहायला लावणारी सत्ता वेगळी. अशी सत्ता असती तर तिने स्वतःसाठीच बांधलेल्या वास्तूत स्वतःची वेगळी जागा ठेवली नसती का? गुरांवर प्रतिष्ठा तोलणाऱ्या समाजाला ते कसे करायचे हे ठाऊक नव्हते असेही नाही. केर्माचेच पाहा. तिथे एका थडग्यासमोर चार हजारांहून अधिक गुरांच्या कवट्या अर्धवर्तुळात मांडलेल्या आढळल्या, आणि पुढच्या काळात राजांबरोबर शेकडो माणसे पुरली गेली. चालती संपत्ती कबरीपाशी आणून उभी करण्याची रीत आफ्रिकेतच होती. लोथागमच्या माणसांनी ती वापरलेली दिसत नाही.

इथे आपल्या पुणे जिल्ह्यातले इनामगाव मला आठवते. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून पुढे अनेक वर्षे तिथे उत्खनन केले. त्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मोठ्या माणसांना घोट्याखालचे पाय तोडून पुरण्याची पद्धत होती. पण पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला एक पुरुष मिळाला आणि त्याचे पाय शाबूत होते. घराशेजारी धान्याचे कोठार. एवढ्यावरून हा वस्तीचा प्रमुख असावा असे अनुमान मांडले गेले, आणि ते मला पटते. पटते ते यासाठी की तिथे वेगळेपणाच्या तीन-चार खुणा एकाच माणसाभोवती जमतात. प्रमुख ओळखायचा तो असा. इनामगावला जी कसोटी लावली तीच लोथागमला लावली तर उत्तर उलटे येते, आणि ते उलटे उत्तरही तितक्याच विश्वासाने स्वीकारायला हवे. एका जागी खुणा मिळाल्या म्हणून प्रमुख, आणि दुसऱ्या जागी खुणा नाहीत तरीही प्रमुख, असे म्हटले तर त्या कसोटीला कसोटी का म्हणायचे?

आता मुकादमाचा मुद्दा. कोणीतरी जागा निवडली, कोणीतरी मापे घेतली, खांब कुठे उभा करायचा यावर कोणाचा तरी शब्द शेवटचा ठरला, हे मी बिनतक्रार मान्य करतो. पण जाणता आणि शासक यांत अंतर आहे. विहिरीची जागा सांगणाऱ्याचे गाव ऐकते, तेवढ्यावरून गाव त्याच्या ताब्यात जात नाही. शिवाय धरणाला मुदत असते, पावसाळ्याआधी भिंत वर यावी लागते, म्हणून टोळ्या, हजेरी आणि मुकादम लागतो. लोथागमला अशी कोणती मुदत होती? काम आणि दफने मिळून काही शतकांत पसरलेली आहेत. घाई नसलेल्या कामाला हुकमत लागत नाही, त्याला लागते ती पुन्हा पुन्हा त्याच जागी परत येण्याची सवय. तीच खरी आश्चर्याची गोष्ट आहे, कारण ही माणसे फिरती होती.

ती परत का येत असतील? त्या काळात सरोवर आटत होते. उत्तर आफ्रिकेतला दीर्घ ओला काळ संपत आला होता. तुर्कानाची पातळी पन्नास मीटरहून अधिक खाली गेली, किनारे दूर सरकले, मासेमारीच्या जागा कोरड्या पडल्या. त्याच सुमारास उत्तरेकडून गुरे, शेळ्या, मेंढ्या या प्रदेशात आल्या. ओळखी नसलेली माणसे, नव्याने सापडणारी कुरणे, भरवशाचा नसलेला पाऊस. अशा वेळी कोणाकडे गवत मागायचे, कोणाच्या कळपात आपली चार जनावरे ठेवायची, हे माहीत असणे हाच विमा असतो. पूर्व आफ्रिकेतल्या मसाई पशुपालकांत 'ओसोतुआ' नावाचे नाते असते. त्या शब्दाचा मूळ अर्थ नाळ. ज्याच्याशी हे नाते जोडले त्याने अडचणीत मागितले तर, शक्य असेल तेवढे, द्यायचे. मसाई काही लोथागमकरांचे वारस म्हणून मी हे सांगत नाही. फिरत्या समाजात सुरक्षितता अशा देण्याघेण्यातून उभी राहते आणि त्यासाठी सगळ्यांनी भेटण्याची एक न हलणारी जागा उपयोगी पडते, एवढाच मुद्दा आहे. सरोवराभोवती अशी स्तंभस्थळे एकापेक्षा जास्त आहेत. पूर्वेकडचे जारिगोले त्यांतलेच. हवामानाचा ताण आणि ही बांधकामे एकाच काळातली आहेत म्हणून एकामुळेच दुसरे झाले हे ठरत नाही, याची जाणीव ठेवूनच हे अनुमान वाचायचे. तरी 'संकटात समाज फुटतो, आणि बळकट हात असेल तरच टिकतो' या वाक्याला इथे दुसरी शक्यता दिसते.

आपल्याकडच्या वीरगळांशी तुलना केली की हे अधिक स्पष्ट होते. गावाची गुरे पळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या माणसाचा दगड महाराष्ट्रात गावोगाव उभा आहे. खालच्या चौकटीत गुरे आणि लढाई, वर स्वर्गारोहण. तो दगड एका माणसाचा असतो. लोथागमचा स्तंभ पोकळी झाकल्यानंतर उभा राहिला, तो कोणा एकाच्या डोक्याशी नाही. पाचशेऐंशी जणांवर मिळून ते स्तंभ आहेत.

हे सगळे आज कोणाच्या उपयोगाचे, असे कोणी विचारेल. वसाहतीच्या काळात केनियात गेलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी काकांचाच प्रश्न विचारला होता: तुमचा प्रमुख कोण? अनेक समाजांत वयोगटांच्या आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकी होत्या, एक प्रमुख नव्हता. मग सरकारने प्रमुख नेमले, त्यांना करवसुलीचे आणि मजूर पुरवण्याचे अधिकार दिले, आणि ज्यांच्याकडे प्रमुख नाही त्यांच्याकडे व्यवस्थाच नाही असे समीकरण कागदावर पक्के झाले. ज्यांची व्यवस्था नाही त्यांची जमीनही मोकळीच. त्याच साम्राज्याने भारतात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणला आणि फिरत्या जमातींच्या हजेऱ्या लावल्या. 'भटके-विमुक्त' या शब्दातला 'विमुक्त' हा त्या कायद्यातून १९५२ मध्ये सुटल्याची आठवण आहे. आपल्या धनगरांच्या पावसाळी चराईचे माळ सरकारी दप्तरात 'पडीक' म्हणून लागतात, त्यामागेही हीच नजर आहे. जे उभे पीक नाही ते काहीच नाही.

तुर्काना सरोवराच्या पूर्वेला आज ३६५ पवनचक्क्यांचा, ३१० मेगावॅटचा प्रकल्प उभा आहे. त्यासाठी दीड लाख एकर जमीन दिली गेली. तिथे सांबुरू, रेंदिले, तुर्काना या समाजांची जनावरे चरत आली आहेत. ऑक्टोबर २०२१ मध्ये मेरू इथल्या न्यायालयाने त्या जमिनीची मालकीपत्रे नियमबाह्य रीतीने मिळवलेली असल्याचे सांगितले. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेत सामुदायिक जमीन मान्य आहे, २०१६ मध्ये तिचा स्वतंत्र कायदाही झाला. स्वच्छ विजेची गरज मी नाकारत नाही. माझा आक्षेप 'तिथे कोणी नव्हतेच' या वाक्याला आहे.

इथे एका मोहापासून मी स्वतःला आणि विद्यार्थिनीच्या बाजूच्या मित्रांना अडवू इच्छितो. पाच हजार वर्षांपूर्वीची कबर दाखवून आजच्या कुठल्या जमातीचा हक्क सिद्ध करू नये. तुर्काना लोक स्वतः या प्रदेशात गेल्या काही शतकांत आले. वंशपरंपरेवर हक्क उभा केला की शेजारच्या समाजाला 'उपरा' ठरवण्याचे हत्यार तयार होते, आणि आफ्रिकेने, आपणही, ते हत्यार चाललेले पाहिले आहे. चराईचा हक्क आजच्या वापरावर, आजच्या करारांवर उभा राहतो. लोथागम फक्त एक सबब काढून घेते: फिरती माणसे मिळून काही उभारू शकत नाहीत, एका जागेशी पिढ्यान् पिढ्या बांधील राहू शकत नाहीत, ही सबब.

त्या संध्याकाळी सगळे पांगल्यावर काका पुन्हा माझ्याकडे आले. त्यांनी मनात हिशेब केलेला होता. "पाच हजार ते चार हजार तीनशे, म्हणजे सातशे वर्षं. त्यात पाचशेऐंशी माणसं. वर्षाला एकसुद्धा पडत नाही. मग बाकीचे मेलेले कुठे गेले?" मी त्यांना सांगितले की माझ्या सगळ्या मांडणीवरचा सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. आत कोणाला घ्यायचे हे कोणीतरी ठरवले असणार. आत बाळेही आहेत, म्हणून निवड कर्तृत्वावर झालेली नाही. काही घराण्यांपुरती असेल, विशिष्ट प्रकारच्या मृत्यूंपुरती असेल, किंवा मरण सरोवराजवळ आले एवढ्यापुरती. चौथऱ्याशेजारची शिलावर्तुळे आणि दगडांच्या राशी, आणि सरोवराभोवतीची इतर स्तंभस्थळे, ही तो प्रश्न घेऊन खणायला हवीत. काकांनी खिशातली छोटी वही काढली आणि जारिगोले हे नाव मला पुन्हा सांगायला लावून लिहून घेतले.